सगळ्यात घाबरट ‘मादी’कडे जरा नीट बघा

प्रश्न:
नमस्कार दादा, मी नाशिकला असते. घरी दोन बाय एक बाय सव्वा फुटाचा टँक आहे, त्यात दिवाळीच्या सुट्टीत ट्रिपल रेड अपिस्टो कॅकॅटुऑइडिस या छोट्या माशांची इंचभराची सहा पिल्लं आणली. विकणारे म्हणाले दोन नर चार माद्या आहेत, लाल दिसेल तो नर. आता दीड महिना झाला. एक जण मोठा झालाय, लाल शेपूट, पाठीवर तुरा, तो नर आहे एवढं मलाही कळतंय. बाकीचे पाच मात्र डोकं खातायत. एक पिवळीधमक होऊन करवंटीच्या तोंडाशी बसते आणि मोठ्यालासुद्धा हाकलते. दुसरी पण पिवळसर, पण ती कायम स्पंज फिल्टरच्या मागे, खायला टाकलं की मात्र भसकन येऊन घेऊन जाते, आणि मोठा तिच्या वाटेला फारसा जात नाही. दोन राखाडी, एकीला झाका दुसरीला काढा. आणि एक वर कोपऱ्यात फिन्स मिटून लटकलेला. विकणारे म्हणतायत जास्तीचे नर पंधरा दिवसांत परत आणा, बदलून देतो. कुठले देऊ? सगळ्यांचे फोटो पाठवलेत. मुलगा म्हणतो एक सोडून सगळ्या माद्याच आहेत, आणि मिस्टर म्हणतात गप्पी आणले असते तर हा ताप नसता. आणि हो, पाणी बोअरचं आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चारशे, त्याची पण काळजी वाटते.

उत्तर:
ताई, मिस्टरांचं चूक नाहीये हो. गप्पीचं महिन्याभरात कळतं, नराची पोटाखालची मागची फिन काडीसारखी होते, बघितलं की झालं, वाद नाही. अपिस्टोत तशी एकच एक खूण नसते, तीन-चार गोष्टी एकत्र जुळवून बघाव्या लागतात आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी फसवते. पण म्हणून अंदाजपंचे करायची पण गरज नाही, तुम्ही फोटो चांगले पाठवलेत आणि वागणं त्याहून चांगलं लिहिलंय, त्यावरून सहातल्या चौघांचं मी आत्ताच बऱ्यापैकी सांगू शकतो.

फक्त आधी एक करा, हे वाचून लगेच कुणाला पिशवीत भरून परत नेऊ नका. कारण ‘लाल तो नर, फिकट ती मादी’ या हिशोबाने तुम्ही गेलात तर बहुतेक चुकीचा मासा परत जाणार आणि ज्याचा पुढे त्रास होणार तो तुमच्याच टँकमध्ये मादी म्हणून राहणार.

होतं काय की एका टँकमध्ये पाच-सहा पिल्लं एकत्र वाढतात तेव्हा त्यांच्यात दादागिरी ठरते, आणि ती फार लवकर ठरते, अगदी पाऊण इंचाची असल्यापासून एकमेकांना आडवं होऊन दाखवणं सुरू असतं. जो वर चढतो तो आधी खातो, मधली जागा धरतो, भरभर वाढतो आणि रंग दाखवतो. बाकीचे नर असले तरी दबून राहतात, तुरा वाढवत नाहीत, शेपटीचा लाल दाखवत नाहीत, फिकट राहतात, कारण नरासारखं दिसलं की मार बसतो. म्हणजे दीड इंचाच्या माशाचा रंग आणि आकार बघून तुम्हाला कळतं ते ‘वर कोण, खाली कोण’ हे, नर-मादी नाही. सगळ्यात मोठा तो नर हे बहुतेक वेळा बरोबर निघतं, पण सगळ्यात छोटी ती मादी हे मात्र अजिबात धरून चालू नका.

आणि हे फक्त भीतीपोटी नसतं, त्यात त्यांचा फायदा पण असतो. अपिस्टो मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले, हा कॅकॅटुऑइडिस पेरू आणि त्याला लागून असलेल्या ब्राझीलच्या भागातला, छोट्या ओढ्यांमध्ये, काठाला पडलेल्या पानांच्या थरात राहणारा. तिथे एक मोठा नर एक इलाका धरतो आणि त्या इलाक्यात दोन-चार माद्या आपापली छोटी बिळं धरून असतात. अशा ठिकाणी लहान नराला सरळ भांडून काही मिळत नाही. मग तो मादीसारखा फिकट-पिवळसर राहतो, मोठ्याला वाटतं आपल्याच माद्यांपैकी एक आहे, आणि अंडी घालायच्या वेळेला हा गपचूप आत घुसून आपला हात मारून घेतो. हॉबीतले लोक याला स्नीकर म्हणतात. आपल्याकडे दोन फुटी टँकमध्ये तेच नाटक चालतं, फक्त जागा कमी असल्यामुळे जास्त जोरात चालतं. दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन मासे चार-सहा महिने काहीच करत नाहीत आणि मग एके दिवशी मोठा मेला की ‘मादी’ला काही आठवड्यांत तुरा फुटतो, असे मेसेज मला इतके येतात की आता आश्चर्य पण वाटत नाही. ती मादीची नर झालेली नसते, तो आधीपासून नरच असतो, फक्त आता त्याला लपायचं कारण उरलेलं नसतं.

आता तुमचे सहा.

मोठ्याबद्दल वाद नाही. फोटोत त्याच्या डॉर्सल, म्हणजे पाठीवरच्या फिनच्या पुढच्या काड्या, म्हणजे दुसरी-तिसरी-चौथी, मधल्या पडद्याच्या बाहेर सुटून उभ्या राहिल्यात आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या कोपऱ्याला टोकं यायला लागलीयत. ही दोन्ही एकत्र दिसली की कॅकॅटुऑइडिसमध्ये नर म्हणून शिक्का मारायला हरकत नाही. लक्षात घ्या मी लाल रंगाचं नाव घेतलं नाही. ट्रिपल रेड म्हणजे डॉर्सल, शेपूट आणि ॲनल (पोटाखालची मागची) तिन्ही फिन्समध्ये लाल-नारिंगी यावा म्हणून पिढ्यानपिढ्या निवडून काढलेली जात आहे, आणि अशा जातीतल्या माद्यांच्या शेपटीत पण नारिंगीची झाक येते. जंगली माशात रंगावरून जेवढं सांगता येईल तेवढं या बाजारातल्या जातींमध्ये सांगता येत नाही, म्हणून रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

करवंटीवाली पिवळीधमक. ही मादी, आणि नुसती मादी नाही, माझा अंदाज असा की तिच्याकडे अंडी असतील किंवा चार दिवसांत येतील. तिचा फोटो मोठा करून पोटाखालच्या दोन फिन्स बघा, त्यांची पुढची कडा काजळ ओढल्यासारखी काळी आहे. अंग लिंबासारखं पिवळं, डोळ्यातून गालावर उतरणारी काळी रेघ ठळक, अंगावरचा लांब पट्टा तुटून मध्ये काळा ठिपका उरलेला. हा पिलंवाल्या आईचा ड्रेस आहे. आणि वागणं त्याहून पक्कं, आपल्या दुप्पट मोठ्या नराला हाकलून लावणं हे अपिस्टोत मादीच करते, तेही करवंटीजवळ आला तरच. अंडी आणि पिल्लं सांभाळायचं काम तिचं, नराचं काम बाहेरच्या हद्दीवर. बॅटरी लावून तिरक्या कोनातून आत बघा, अंडी खाली नसतात, छताला चिकटवलेली असतात, लालसर लांबट बारीक दाणे. पण करवंटी उचलून बघू नका, प्लीज. पहिल्यांदा अंडी घातलेली मादी तशीच बावरलेली असते, तुम्ही घर उचललंत की खाऊन टाकेल.

दोन राखाडी, एकीला झाका दुसरीला काढा वाल्या. दोघींच्या पोटाखालच्या फिन्सना पुढून काळी कडा दिसतेय, एकीची ठळक, दुसरीची पुसट पण आहे. डॉर्सल फिन पुढून मागपर्यंत एकसारख्या उंचीची, काड्या सुटलेल्या नाहीत, फक्त पुढचा भाग काळा. शेपूट गोल, पंख्यासारखी. ॲनल फिनचं मागचं टोक आखूड. मी या दोघींना माद्या म्हणेन, पैज लावा म्हणालात तर लावेन पण सगळा पगार नाही लावणार. पोटाखालच्या फिनची काळी कडा ही या वयात सगळ्यात कामाची खूण आहे, कारण नराच्या त्याच फिन्स बहुतेक वेळा नारिंगी-पिवळट किंवा पारदर्शक असतात आणि टोक लांब होत जातं. ‘बहुतेक वेळा’ म्हणतोय हां, काळी कडा असलेला एखादा पोरगेला नर पण निघतो. म्हणून एकटी खूण नको, शेपटीचा गोलपणा आणि डॉर्सलची सरळ रेघ सोबत बघायची.

आता फिल्टरच्या मागची पिवळसर. इथे मला शंका आहे. तुमच्या मुलाने तिला मादी ठरवलंय ती पिवळी आहे म्हणून, पण पिवळ्यात पिवळा फरक असतो. करवंटीवालीचा पिवळा भडक आणि त्यावर काळं ठसठशीत. हिचा पिवळा मळकट आहे, गालावरची रेघ पुसट, आणि पोटाखालच्या फिन्स तुमच्या तिसऱ्या फोटोत स्पष्ट नारिंगी दिसतायत, काळ्याचा पत्ता नाही. अजून एक, ॲनल फिनचं मागचं टोक शेपटीच्या बुडापर्यंत पोचलंय आणि टोकदार आहे. वर तुम्ही लिहिलंय की ती कायम लपते पण खायला टाकलं की भसकन येऊन घेऊन जाते, आणि मोठा नर तिच्या वाटेला फारसा जात नाही. खरंच घाबरलेली, मार खाणारी मादी असती तर खायला पण आली नसती आणि फिन्स फाटलेल्या असत्या. हिच्या फिन्स शाबूत आहेत. मोठ्याने हिला मादी समजून सोडून दिलंय. तुम्ही समजू नका. माझ्या मते हाच तो स्नीकर.

वर लटकलेल्याचं मी सांगू शकत नाही आणि सांगणार पण नाही. फिन्स मिटलेल्या माशाची नर-मादी ओळख म्हणजे घडी घातलेल्या साडीचा पदर ओळखण्यासारखं. पण नर-मादीपेक्षा त्याची तब्येत महत्त्वाची, कोपऱ्यात वर लटकणारा मासा एक तर सगळ्यांचा मार खातोय नाहीतर आजारी आहे. त्याला आजच वेगळा काढा. वीस लिटरचा प्लॅस्टिक टब, त्याच टँकचं पाणी, एक जुना चाललेला स्पंज फिल्टर, वाळलेलं बदामाचं पान, बस्स. बदामाचं म्हणजे आपल्या सोसायट्यांमध्ये, शाळेच्या मैदानात असतं ते मोठ्या पानांचं देशी बदाम, लाल होऊन गळलेली पानं धुवून वाळवून ठेवा, दुकानात तीच पानं पाकिटात घालून पैसे घेतात. पोट आत गेलेलं असेल किंवा विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी असेल तर मला परत लिहा, तो वेगळा विषय आहे. नुसता मार खाल्लेला असेल तर आठ-दहा दिवसांत फिन्स उघडतील आणि तेव्हा कळेल कोण आहे.

तुम्ही विचाराल, मग या फिल्टरवालीचं नक्की करायचं कसं. एक साधा उपाय आहे, मोठ्या नराला काढा. ‘ती’ला नाही, त्याला. आणि टँकमध्येच जाळी लावून बाजूला ठेवलात तर उपयोग नाही, दिसला तरी दबाव राहतो, त्याला पूर्ण नजरेआड करा, दुसऱ्या टबमध्ये, झाकण लावून, हे उड्या मारतात. अंडी असतील तर आईला पण बरंच आहे, दोन फुटात आई चिडली की नराला फार मार पडतो. मग दोन आठवडे बघत राहा. स्नीकर असेल तर पहिला बदल दोन-चार दिवसांत वागण्यात येतो, फिल्टरच्या मागून बाहेर येईल, राखाडी माद्यांसमोर आडवा होऊन सगळ्या फिन्स ताणेल, शेपटीने पाणी मारेल. रंग त्यानंतर, आणि डॉर्सलच्या काड्या सुटायला अजून वेळ. तो मादी असेल तर यातलं काही होणार नाही, उलट एखादी दुसरी करवंटी धरून बसेल.

इथे एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो. माद्या पण एकमेकींवर फिन्स ताणतात, पाठलाग करतात, करवंटीवरून तर फार भांडतात. त्यामुळे ‘भांडतो म्हणजे नर’ हे पण नाही. फरक कशावरून भांडण आहे त्यात असतो, मादीचं भांडण एका भोकाभोवती असतं, नराचं भांडण अख्ख्या टँकभर. आणि नखरे कोण करतंय ते बघा, अपिस्टोत पुढाकार बऱ्याचदा मादी घेते, नराच्या तोंडासमोर येऊन अंग वाकडं करून पोट आणि कूस दाखवते आणि करवंटीकडे जाते, परत येते, परत जाते. हे एकदा बघितलंत की फोटो मोठे करून बघायची गरज राहत नाही.

फोटोंवरून आठवलं, पुढच्या वेळी काढाल तेव्हा मासा काचेला समांतर असताना काढा, तिरका आला की डॉर्सलची उंची कळत नाही. खोलीतला लाईट बंद, टँकचा चालू, मोबाईल काचेला जवळजवळ टेकवून बर्स्टवर ठेवा. आणि फिन्स उघडायच्या असतील तर बाहेरून काचेला छोटा आरसा लावा, मासा स्वतःला बघून सगळं ताणून उभा राहतो, मिनिटभरात हवे तेवढे फोटो मिळतात. मिनिटभरच पण, तासभर आरसा लावून ठेवला तर बिचारा दमून जातो. जननेंद्रियाची नळी बघून ओळखा असं जे व्हिडिओत सांगतात, मादीची आखूड-बोथट आणि नराची बारीक-टोकदार, ते चूक नाही पण ती नळी अंडी घालायच्या आसपासच बाहेर दिसते. इंच-दीड इंचाच्या पिल्लांत ती शोधत बसू नका, डोळे जातील.

तुमच्या मुलाला एक गोष्ट आवडेल ती सांगा. अपिस्टोत नर व्हायचं की मादी हे सगळं काही अंड्यातच ठरत नाही. १९९६ साली ऊवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्त्स या दोन जर्मन संशोधकांनी अपिस्टोच्या बऱ्याच जातींची पिल्लं वेगवेगळ्या तापमानाला वाढवून बघितली, आणि बहुतेक जातींमध्ये असं निघालं की पाणी गरम असेल तर नर जास्त, थंड असेल तर माद्या जास्त. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पाणी किती गरम आहे त्यावर हे झुकतं, पुढे दीड इंचाचे झाल्यावर तुम्ही हीटर कमी-जास्त करून काही बदलणार नाही. याचा आपल्याशी संबंध असा की एकाच बॅचमधली, उन्हाळ्यात बिनकुलरच्या शेडमध्ये ३० डिग्रीला वाढलेली पिल्लं असतील तर सहाच्या सहा नर निघायची शक्यता बरीच असते, आणि त्यात विकणाऱ्याने फसवलं असं काही नसतं, त्याला स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून मी सांगतो की सहा पिल्लं घेताना जमलं तर दोन वेगळ्या बॅचमधून घ्या. तुमची मादी पिल्लं देईल तेव्हा टँक २५-२६ डिग्रीला ठेवा, नाशिकला थंडीत हीटर लागेलच.

लगे हात रॅमचं पण सांगून टाकतो, कारण ‘माझ्या ब्लू रॅमची जोडी आहे का बघा’ हा प्रश्न तर दर आठवड्याला असतो. रॅम अपिस्टो नाही, व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानातला वेगळा मासा, नर-मादीत आकाराचा फरक थोडा आणि पिल्लं दोघं मिळून सांभाळतात, त्यामुळे अपिस्टोचे नियम तिथे लावू नका. पुस्तकी खूण म्हणजे अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकणारे खवले असतील तर मादी, ठिपका कोरा काळा असेल तर नर. जंगली माशात हे चालतं, आपल्या बाजारातल्या फार्मच्या माशांत नरांच्या ठिपक्यात पण निळे खवले येतात. त्यापेक्षा पोट बघा, वयात आलेल्या मादीचं पोट गुलाबी-जांभळट होतं, आणि इलेक्ट्रिक ब्लू या रॅमच्या जातीत तर ठिपकाच नीट दिसत नाही म्हणून पोटाशिवाय पर्याय नाही. डॉर्सलच्या लांब काड्यांवर विसंबू नका, रंग आणि फिन्स लवकर याव्यात म्हणून हॉर्मोन दिलेले मासे बाजारात येतात हे हॉबीत सगळ्यांना माहीत आहे, इंचभराचा मासा आणि रंग मात्र आजोबांएवढा दिसला की तिथून पुढे सरकावं. आणि रॅमच्या दोन माद्या जोडी करून अंडी घालतात, छान सांभाळतात, दोन दिवसांनी सगळी पांढरी. असं एकदा झालं तर पाण्याला दोष द्या, सारखं होत असेल तर ‘नर’ खरंच नर आहे का ते बघा.

क्रिब नावाचा मासा त्या मानाने ओळखायला सोपा. तो आफ्रिकेचा, नायजेरिया-कॅमेरून भागातला, दीड इंचापासून मादीचं पोट गोल आणि लालजांभळं व्हायला लागतं, तिची डॉर्सल-ॲनल फिन मागे गोलसर, नराची टोकदार, नराच्या शेपटीचा मधला भाग पुढे आलेला. तिथे पण गंमत आहे, त्या माशात पीएचने नर-मादीचं प्रमाण हलतं, आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात. घरी पहिल्यांदाच बौने सिक्लिड, म्हणजे असे छोटे मासे, आणणाऱ्याला मी आधी क्रिब घ्या म्हणतो ते ओळखायला सोपा आहे म्हणूनच, पण तुम्ही आणलेत अपिस्टो, तर आता अपिस्टोच.

विकणाऱ्याचं काय करायचं. त्यांना फोन करून स्पष्ट सांगा की मासे अजून लहान आहेत, महिनाभर मुदत वाढवून द्या. चांगला विकणारा असेल तर देईल, कारण त्याला पण माहीत असतं की इंचाच्या पिल्लावर ‘दोन नर चार माद्या’ कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सरळ सांगतो, एवढ्या लहान अपिस्टोला ‘कन्फर्म पेअर’ म्हणून जास्त पैसे देऊ नका, कुणालाच. सहाचा ग्रुप साध्या भावात घ्या, वाढवा आणि मग जास्तीचे द्या, तेच बरोबर. आणि मुदत नाहीच दिली, पंधरा दिवसच म्हणाले, तर मोठ्या नराला आजच बाहेर काढा म्हणजे तेवढ्या दिवसांत फिल्टरवालीचा निकाल लागतो. नर निघाला तर दोघांपैकी एकच ठेवा, कुठला ते तुमची आवड, माझी सूचना विचाराल तर ज्याचा स्वभाव जरा शांत तो ठेवा, दोन फुटात सगळ्यात रागीट नर ठेवून काही मिळत नाही, रोज तमाशा. दोन नर एवढ्या जागेत राहणार नाहीत, सव्वा फूट उंचीचा उपयोग त्यांना होत नाही, त्यांना तळाची जागा हवी. एक नर आणि तीन माद्या तुमच्या टँकमध्ये जेमतेम बसतात, त्यासाठी करवंट्या तीन नाही, चार ठेवा, तोंडं वेगवेगळ्या दिशेला, भोक बोटाएवढं, म्हणजे मादी आत जाईल आणि मोठा नर बाहेर राहील. मध्ये लाकूड किंवा झाडं अशी लावा की या टोकाचा मासा त्या टोकाच्या माशाला सरळ दिसणार नाही. निम्मी मारामारी तिथेच थांबते.

बोअरच्या पाण्याची काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीय, टीडीएस चारशे. कॅकॅटुऑइडिस हा अपिस्टोंमधला सगळ्यात सोशिक, वाढायला त्याला चारशे चालतं. अंडी फुटायला जरा मऊ पाणी बरं, म्हणून पाणी बदलताना आरओचं थोडं मिसळत जा, हळूहळू, एकदम नाही. नर-मादी ओळखायचा आणि टीडीएसचा काही संबंध नाही.

आणि करवंटीत खरंच लालसर दाणे दिसले तर पिल्लांच्या खाण्यासाठी आजच ब्राईन श्रिंपची (मिठाच्या पाण्यातल्या अगदी बारीक कोळंबीसारख्या जिवांची) अंडी मागवा. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, मग चार-पाच दिवस पिल्लं तिथेच गठ्ठ्याने थरथरत असतात, तेव्हा खायला काही टाकायचं नाही, अंगावरच्या पिवळ्या बलकावर निघतं. आई त्यांना घेऊन वाळूवर बाहेर आली की त्याच दिवशी जिवंत ब्राईन श्रिंप लागतं, आणि ते भिजवल्यापासून तयार व्हायला २४ ते ३६ तास जातात, म्हणजे पिल्लं बाहेर दिसल्यावर लावलंत तर उशीर झाला. मीठ साधं जाडं चालेल, बाटली उलटी करून एअर पाईप सोडा, मुलाला लावा कामाला.

फिल्टरवालीचा पंधरा दिवसांनी फोटो पाठवा, काचेला समांतर.